सिंपलस्क्रीनरेकॉर्डर: तासभराच्या रेकॉर्डिंगलाही पुरून उरणारं सॉफ्टवेअर

स्क्रीन रेकॉर्ड करणाऱ्या सॉफ्टवेअरकडून माझी मुख्य अपेक्षा एकच असते. पन्नास मिनिटं बोलून-लिहून झाल्यावर फाइल उघडली, की शेवटच्या मिनिटालाही माझं बोलणं आणि माझं लिहिणं एकाच क्षणी पोचलं पाहिजे. मी गणित शिकवते. 'आता दोन्ही बाजूंचा वर्ग करू' असं म्हणत असताना पेनाचं टोक त्याच ओळीवर असायला हवं. आवाज अर्ध्या सेकंदाने पुढे सरकला तरी ऐकणारा चुकीच्या ओळीकडे बघत राहतो, आणि दोष व्हिडिओचा असताना त्याला वाटतं की गणित आपल्याच डोक्यात शिरत नाहीये. शिकवणाऱ्याच्या दृष्टीने याहून मोठं नुकसान नाही. या एका कसोटीवर मी गेली काही वर्षं लिनक्सवर सिंपलस्क्रीनरेकॉर्डर वापरते आहे, आणि ज्यांना धडे, प्रात्यक्षिकं किंवा सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते दाखवणारे व्हिडिओ करायचे असतात त्यांना मी आधी हेच सुचवते.

मार्टेन बार्ट यांनी ते लिहिलं. सी प्लस प्लस ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि खिडक्या-बटणं बनवायचं क्यूटी हे साधन वापरून केलेलं, जीपीएल आवृत्ती ३ या मुक्त परवान्याखाली खुलं असलेलं हे सॉफ्टवेअर आहे. व्हिडिओ बनवण्याचं प्रत्यक्ष काम ते एफएफएमपेग या व्हिडिओ हाताळणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरच्या लायब्ररींकडून करून घेतं. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांच्या भांडारात ते आहे, त्यामुळे पॅकेज मॅनेजरमधून सरळ बसवता येतं. खातं उघडायला लागत नाही, व्हिडिओच्या कोपऱ्यात कुणाचा शिक्का उमटत नाही, वेळेची मर्यादा नाही.

आधी तालमेळाबद्दल सांगते, कारण बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं. कॉम्प्युटरचं घड्याळ आणि साउंड कार्डाचं घड्याळ ही दोन वेगळी घड्याळं असतात. सेकंदाला ४८,००० नमुने घेतो असं सांगणारं कार्ड प्रत्यक्षात किंचित कमी-जास्त घेतं. हा फरक दहा हजारात एक इतका बारीक धरला, तरी तासाभरात तो सेकंदाच्या एक तृतीयांशाहून जास्त होतो. दोन मिनिटांच्या व्हिडिओत तो कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण मोठ्या धड्यात नक्की येईल. सिंपलस्क्रीनरेकॉर्डर रेकॉर्डिंग चालू असताना दोन्ही वेळा सतत ताडून बघतं आणि आवाज अगदी कानाला न कळेल इतका ताणतं किंवा आवळतं. त्यासाठी आपल्याला एकही बटण दाबावं लागत नाही. माझ्या सर्वांत लांब धड्याच्या अखेरीसही ओठ आणि ओळ जुळलेली असते, आणि या एका गोष्टीसाठी मी त्याला पूर्ण गुण देते.

दुसरी खुबी कॉम्प्युटर दमला की दिसते. जरा हिशेब करून बघा. १९२० बाय १०८० ची स्क्रीन, प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट, सेकंदाला ३० चित्रं. म्हणजे सेकंदाला जवळजवळ २४९ मेगाबाइट कच्चा माल आत येतो आणि तो तिथल्या तिथे दाबून लहान करायचा असतो. प्रोसेसर मागे पडला तर रेकॉर्डरसमोर दोनच वाटा उरतात: न झालेलं काम मेमरीत साठवत जायचं, किंवा काही चित्रं सोडून द्यायची. पहिल्या वाटेने गेलेला रेकॉर्डर थोड्या वेळात सगळी रॅम खातो आणि यंत्र गोठतं. सिंपलस्क्रीनरेकॉर्डर दुसरी वाट धरतं. चित्रांचा वेग खाली येतो, आवाज मात्र अखंड राहतो. धडा जरा अडखळत दिसेल, पण हातात राहील. माझ्या मते कुठल्याही रेकॉर्डरने हाच निर्णय घ्यायला हवा.

वापरायला ते पानापानाने पुढे जातं. स्वागताचं पान, मग काय रेकॉर्ड करायचं ते पान, मग कुठे आणि कोणत्या स्वरूपात साठवायचं ते पान, आणि शेवटी प्रत्यक्ष रेकॉर्डिंगचं पान. प्रत्येक वेळी 'कंटिन्यू' दाबायचं. नव्या माणसाने काहीही न बदलता पुढे जात राहिलं तरी चांगला व्हिडिओ मिळतो, कारण आधीच भरलेले पर्याय शहाणपणाने निवडलेले आहेत. आणि जवळपास प्रत्येक पर्यायावर माउस नेला की तिथेच दोन-चार वाक्यांत समजावलेलं असतं की हे काय आहे आणि बदललं तर काय होईल. ती वाक्यं आवर्जून वाचा. कोडेक, बिट रेट, प्रीसेट या शब्दांची माझी बरीचशी ओळख तिथेच झाली.

काय रेकॉर्ड करायचं त्या पानावर पूर्ण स्क्रीन, ठरावीक चौकट, कर्सरच्या मागे फिरणारी चौकट किंवा ओपनजीएल ही ग्राफिक्सची व्यवस्था वापरणारा एखादा प्रोग्रॅम असे पर्याय आहेत. मी कायम ठरावीक चौकट घेते आणि रुंदी-उंची हाताने आकडे टाकून १२८० बाय ७२० ठेवते. झूर्नल प्लस प्लस या वहीच्या सॉफ्टवेअरची खिडकी त्या चौकटीत बसवते आणि पेन टॅब्लेटने लिहिते. माझे विद्यार्थी बहुतेक फोनवर बघतात. पूर्ण स्क्रीन रेकॉर्ड करून ती फोनवर पाठवली की अक्षरं मुंगीएवढी होतात. छोट्या चौकटीत मोठं लिहिलेलं स्वच्छ वाचता येतं. शिवाय चौकटीच्या बाहेर माझी टिपणं उघडी ठेवता येतात, ती व्हिडिओत येत नाहीत. 'सिलेक्ट विंडो' दाबून एखाद्या खिडकीवर क्लिक केलं तर चौकट आपोआप त्या खिडकीएवढी होते. मात्र खिडकी नंतर हलवली तर चौकट तिच्यामागे जात नाही, हे ध्यानात ठेवायचं.

कर्सरच्या मागे जाणारी चौकट मला शिकवण्यासाठी बिलकूल आवडली नाही. लिहिताना हात सतत हलतो, त्याबरोबर सगळं पान डोलतं आणि बघणाऱ्याचे डोळे थकतात. दोन मॉनिटर असणाऱ्यांसाठी तिच्यातलाच एक उपप्रकार आहे, ज्यात कर्सर ज्या मॉनिटरवर असेल तो पूर्ण रेकॉर्ड होतो. तो कामाचा आहे.

चित्रांच्या वेगाचं सांगायचं तर हाताने लिहिण्यासाठी सेकंदाला १५ पुरतात. १२८० बाय ७२० आणि १५ चित्रं म्हटलं की कच्चा माल सेकंदाला सुमारे ५५ मेगाबाइटवर येतो, वरच्या आकड्याच्या एक चतुर्थांशाहूनही कमी. माझ्यासारखा जुना लॅपटॉप असेल तर हा फरक पंख्याच्या आवाजातही ऐकू येतो, आणि पंखा शांत असला की माइकमध्येही घरघर येत नाही. जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये स्लायडर सरकवून आलेख बदलताना दाखवायचा असेल तेव्हा मात्र मी ३० वर जाते. तिथे हालचाल हाच धडा असतो, आणि आलेख उड्या मारत गेला तर सातत्य म्हणजे काय ते दाखवायचं राहूनच जातं.

आता साठवण्याच्या पानाबद्दल. इथे कंटेनर, म्हणजे फाइलचा प्रकार, आणि कोडेक, म्हणजे चित्र व आवाज दाबून लहान करण्याची पद्धत, निवडायचा असतो. कंटेनर आधीपासून एमकेव्ही असतो, आणि मी तो तसाच ठेवा असंच म्हणेन. कारण साधं आहे. एमपी४ फाइलमध्ये कुठलं चित्र कुठे आहे याची अनुक्रमणिका सहसा शेवटी, फाइल बंद करताना लिहिली जाते. मध्येच वीज गेली किंवा यंत्र बंद पडलं तर ती लिहायची राहते आणि सगळी फाइल उघडेनाशी होते. एमकेव्हीत तोवर लिहिलेला भाग शाबूत राहतो. पन्नास मिनिटांतली सत्तेचाळीस मिनिटं वाचणं आणि काहीच न वाचणं, यांतला फरक मोठा आहे. पुढे एमपी४ हवीच असेल तर व्हिडिओसाठी एच.२६४ आणि आवाजासाठी एएसी हे कोडेक निवडा. मग एफएफएमपेगच्या एका आज्ञेने, काहीही पुन्हा एन्कोड न करता, आतला माल जसाच्या तसा एमपी४मध्ये हलवता येतो. मोठ्या धड्यालाही त्यासाठी चहा करायला उठण्याएवढा वेळ लागत नाही.

एच.२६४ निवडलं की खाली 'कॉन्स्टंट रेट फॅक्टर' नावाची पट्टी येते. आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. तो आधीपासून २३ असतो. ढोबळमानाने आकडा ६ ने वाढवला की फाइल निम्मी होते. पांढऱ्या पानावर काळी अक्षरं एवढंच असेल तर २३ला चित्र उत्तम येतं, आणि पानावर फारसं काही हलत नसल्याने फाइलही आटोपशीर राहते. शेजारचा 'प्रीसेट' म्हणजे दाबण्याच्या कामावर प्रोसेसरने किती मेहनत घ्यायची. तो आधीपासून 'सुपरफास्ट' असतो. तो मी बदलत नाही, कारण रेकॉर्डिंग चालू असताना प्रोसेसर मोकळा असणं मला महत्त्वाचं वाटतं. फाइल लहान करायची असेल तर ती नंतर निवांत करता येते.

इथे एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण स्क्रीनवर लिहिणाऱ्या प्रत्येकाला ती भेटणार आहे. लाल पेनाने बारीक रेघ मारली, की व्हिडिओत ती फिकट आणि पसरलेली दिसते, काळी रेघ मात्र ठसठशीत राहते. माझ्या सहकारी शिक्षिकेने याचं खापर रेकॉर्डरवर फोडलं होतं. यात रेकॉर्डरचा दोष नाही. व्हिडिओ साठवताना उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्यासाठी ठेवतात, पण रंगाची माहिती चार ठिपक्यांच्या गटाला मिळून एकच ठेवायची ही सर्वत्र रूढ पद्धत आहे. निसर्गदृश्यात किंवा माणसाच्या चेहऱ्यात ते डोळ्याला कळत नाही. एक-दोन ठिपके जाड असलेल्या लाल रेघेचा रंग मात्र शेजारच्या पांढऱ्यात मिसळून जातो. उपाय पेनातच आहे. रंगीत पेनाची जाडी वाढवा आणि फिक्या छटांऐवजी गडद घ्या: किरमिजी, गडद निळा, गडद हिरवा. चिन्हं आणि घातांक काळ्यातच लिहा. मी सूत्रं काळ्याने लिहिते आणि रंग फक्त अधोरेखा व चौकटींसाठी ठेवते. तेव्हापासून ऋण चिन्ह दिसलं नाही अशी तक्रार आलेली नाही.

शेवटच्या पानावर हे सॉफ्टवेअर खरं खुलतं. 'स्टार्ट रेकॉर्डिंग' दाबलं की एका बाजूला सगळी माहिती जिवंत दिसत राहते: किती वेळ झाला, सेकंदाला किती चित्रं आत येताहेत आणि किती फाइलमध्ये जाताहेत, फाइल किती मोठी झाली, बिट रेट (सेकंदाला किती माहिती साठवली जातेय) किती आहे. खाली नोंदवहीसारखी एक जागा आहे, तिथे काही बिनसलं तर त्याच क्षणी ओळ उमटते. मी १५ सांगितलेत आणि बाहेर ९ जाताहेत असं दिसलं तर मला तिथेच कळतं की पाठीमागे ब्राउझरमध्ये काहीतरी जड चालू आहे. ते बंद करून पुन्हा सुरुवात करता येते. बरेच रेकॉर्डर एक लाल ठिपका दाखवतात आणि तुम्ही विश्वास ठेवायचा असतो. इथे विश्वासाला आकड्यांचा आधार मिळतो, आणि गणित शिकवणारीला तो भावला नाही तरच नवल.

त्याच पानावर प्रीव्ह्यू आहे. सुरू केला की चौकटीत नेमकं काय येतंय ते दिसतं आणि आवाजाची पट्टी हलताना दिसते. माइक बंद राहिलाय का, चुकीचा माइक निवडला गेलाय का, हे बोलायला लागण्याआधीच समजतं. प्रीव्ह्यूला स्वतःचा प्रोसेसर लागतो, तशी सूचनाही तिथे लिहिलेली आहे. म्हणून मी तो तपासणीपुरता चालू करते आणि मग बंद करते.

थांबून पुन्हा सुरू करण्याची सोय फार नेटकी आहे. मध्येच दारावर कुणी आलं, खोकला आला, पुढची पायरी मनात जुळवायची असली, की पॉज. परत सुरू केल्यावर व्हिडिओ सलग पुढे जातो, सांधा ऐकू येत नाही. हवं असेल तर प्रत्येक तुकड्याची वेगळी फाइल करण्याचाही पर्याय आहे. एकेका उदाहरणाचा छोटा व्हिडिओ करणाऱ्यांना तो फार सोयीचा पडेल. नावात तारीख-वेळ घालण्याची सोय वापरली तर एका फाइलवर दुसरी लिहिली जाण्याचा धोकाही राहत नाही. सगळं झालं की 'सेव्ह रेकॉर्डिंग' दाबायला विसरू नका.

पॉजसाठी कीबोर्डची जोडी आधीपासून कंट्रोल आणि आर अशी असते, आणि ही निवड मला पटत नाही. ब्राउझरमध्ये पान पुन्हा उघडायला आणि टर्मिनलमध्ये जुनी आज्ञा शोधायला हीच जोडी लागते. रेकॉर्डर चालू असताना ती त्याच्याकडे जाते. टर्मिनलचं प्रात्यक्षिक करणाऱ्याने पहिल्यांदा तिथे शिफ्ट किंवा ऑल्टची खूण करून घ्यावी.

उणिवांत मला सर्वांत जास्त खुपणारी ही: आवाजाचा स्रोत एकच निवडता येतो. माइक, नाहीतर कॉम्प्युटरमध्ये वाजणारा आवाज, दोन्ही एकदम नाहीत. मला माझाच आवाज लागतो, त्यामुळे माझं अडत नाही. पण एखादा व्हिडिओ वाजवत त्यावर बोलायचं असेल, किंवा ऑनलाइन चर्चेत दोन्ही बाजू टिपायच्या असतील, तर आधी लिनक्सवर आवाज हाताळणाऱ्या पल्सऑडिओत किंवा जॅकमध्ये दोन प्रवाह एकत्र करून ते या सॉफ्टवेअरला द्यावे लागतात. जमतं, पण ज्याला नुसतं 'सुरू' आणि 'थांबा' हवं आहे त्याच्यावर हा भार का टाकायचा? दोन स्रोतांसाठी दोन ओळी त्या पानावर सहज मावल्या असत्या. पार्श्वभूमीचा आवाज कमी करण्याची सोयही नाही. कापाकापी तर नाहीच. ती मी शॉटकटमध्ये करते, आणि एडिटिंग याच्यात कोंबलेलं नाही हे मला आवडतं. दिसायला ते जुन्या वळणाचं आहे, चौकोनी खोके आणि गर्दीचे पर्याय. त्याचं मला काही वाटत नाही.

खरी अडचण वेगळी आहे. या सॉफ्टवेअरची बांधणी एक्स११ या, लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या व्यवस्थेवर झाली. १९८७ साली आलेल्या त्या व्यवस्थेत कोणताही प्रोग्रॅम सगळी स्क्रीन वाचू शकतो, म्हणून रेकॉर्डिंग सोपं जातं. वेलँड या नव्या व्यवस्थेत एका प्रोग्रॅमला दुसऱ्याची खिडकी परस्पर बघता येत नाही; डेस्कटॉपकडे परवानगी मागायची, वापरणाऱ्याने हो म्हणायचं, मग पाइपवायर या चित्र-आवाज पोचवणाऱ्या सेवेतून चित्र मिळतं. ही व्यवस्था जास्त सुरक्षित आहे आणि मला ती योग्यच वाटते. बँकेचा पासवर्ड टाकताना दुसऱ्या प्रोग्रॅमला माझी स्क्रीन दिसावी असं कुणाला वाटेल? पण त्यामुळे वेलँडवर चालणाऱ्या डेस्कटॉपवर एक्स११ च्या वाटेने रेकॉर्ड करायला गेलं की धड्याऐवजी काळा पडदा मिळतो. उबुंटूने २१.०४ पासून वेलँड हीच आपोआप मिळणारी निवड केली आहे. लॉगिनच्या वेळी एक्सऑर्गचं, म्हणजे एक्स११चं, सत्र निवडता येत असेल तर ते निवडा, सगळं सुरळीत चालेल. एक्सएफसीई आणि सिनॅमन हे डेस्कटॉप वापरणाऱ्यांना सहसा हा प्रश्न पडत नाही. मी एक्सएफसीईवर आहे, आणि तिथून न हलण्याच्या माझ्या कारणांत हा रेकॉर्डरही येतो.

वेलँडवर असाल आणि हलायचं नसेल तर ग्नोम या डेस्कटॉपमध्ये २०२२च्या ४२व्या आवृत्तीपासून स्क्रीनशॉटच्या खिडकीतच रेकॉर्डिंग आहे. प्रिंट स्क्रीन दाबा, कॅमेऱ्याचं चिन्ह निवडा, भाग निवडा. एखादी अडचण कुणाला दाखवण्यापुरतं ते छान आहे, पण दर्जा आणि स्वरूप यांवर तिथे आपला हात चालत नाही. कूहा हे छोटं सॉफ्टवेअर वेलँडवर चालतं आणि माइक व कॉम्प्युटरचा आवाज दोन्ही घेतं. त्याची खिडकी इतकी मोकळी आहे की बिचकणाऱ्या माणसालाही ते लगेच जमतं.

ओबीएस स्टुडिओचं नाव निघणारच. ते उत्कृष्ट आहे, तेही मुक्त आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि २०२१च्या २७व्या आवृत्तीपासून वेलँडही सांभाळतं. चेहरा कोपऱ्यात, स्क्रीन मागे, दोन-तीन आवाज, थेट प्रक्षेपण, हे सगळं हवं असेल तर ओबीएसच घ्या. पण त्यात आधी सीन म्हणजे काय, सोर्स म्हणजे काय, कॅनव्हास किती ठेवायचा हे समजून घ्यावं लागतं. ज्या शिक्षकाला उद्या सकाळी अपूर्णांकांचा भागाकार रेकॉर्ड करायचा आहे, त्याला आज रात्री हे शिकायला लावणं मला योग्य वाटत नाही. विंडोज वापरणाऱ्यांना सिंपलस्क्रीनरेकॉर्डर मिळणार नाही. त्यांनी शेअरएक्स बघावं, तेही जीपीएल परवान्याखाली आहे आणि रेकॉर्डिंगसाठी एफएफएमपेगच वापरतं.

सुरुवात करणाऱ्यांसाठी माझी मांडणी अशी: चौकट १२८० बाय ७२०, वेग १५, कंटेनर एमकेव्ही, एच.२६४, फॅक्टर २३, प्रीसेट सुपरफास्ट, आवाजासाठी एएसी. काय रेकॉर्ड करायचं ते पान आणि साठवण्याचं पान, दोन्हींवर आपापलं प्रोफाइल नाव देऊन साठवा, म्हणजे पुढच्या वेळी यादीतून नाव निवडलं की झालं. जिओजेब्रासाठी पहिल्या पानावर वेग ३०चं दुसरं प्रोफाइल करा. मग अर्धं मिनिट बोलून-लिहून ती फाइल फोनवर उघडा, हेडफोन लावून ऐका, घातांक वाचता येतोय का ते बघा, आणि धड्याला लागा.